धीर देण्यास मनाई

शीतसज्जता प्रयोगशाळेच्या भिंतीवर बर्फाचं एकही चित्र नव्हतं. होतं ते एका तान्ह्या बाळाच्या मानेचं. त्या मानेच्या मागच्या बाजूला एक तपकिरी पट्टा रंगवला होता.

"हा उष्णमेद," डॉ. कुमुद पिंपळखरे म्हणाल्या. "चरबीच, पण साठून न राहता जळणारी. तान्ही बाळं थंडीत कुडकुडत नाहीत, ती हिच्यामुळं. मोठेपणी ती जवळजवळ नाहीशी होते. तुमच्या अंगात आम्ही ती पुन्हा वाढवली आहे. उणे चाळीसमध्ये साध्या जाकिटावर फिराल."

समोर ठोसर पतिपत्नी बसले होते. सुलक्षणा हिमतज्ज्ञ, हेरंब यंत्रतज्ज्ञ. उत्तरेकडच्या एका हिमबेटावर दोघं दोन वर्षांसाठी निघाले होते. हेरंबनं लोकरी कपड्यांची दोन पानी यादी आणली होती. डॉक्टरांनी ती आदरानं वाचली आणि घडी घालून परत दिली.

"हा मेद पेटवतं कोण?" सुलक्षणानं विचारलं.

"भयरस. माणूस घाबरला की रक्तात उतरतो तो."

"थंडीनंही उतरतो ना?"

"उतरतो. पण वाढवलेला मेद थंडीला पंधरा दिवसांत सरावतो. स्वतःच्या जिवाच्या भीतीलाही महिन्याभरात सरावतो. पहिल्या तुकडीत आम्ही निवडून शूर माणसं पाठवली होती."

"मग?"

"फार शूर होती," डॉक्टर म्हणाल्या आणि चष्मा पुसू लागल्या. "दुसऱ्याच्या काळजीला मात्र शरीर सरावत नाही. म्हणून आता जोडपी पाठवतो. तुमच्या पदव्या आम्ही पाहिल्याच नाहीत. इथं येईपर्यंत तुम्ही एकमेकांना अकरा फोन केलेत, तेवढं पाहिलं."

"त्यातले नऊ हिचे," हेरंब म्हणाला.

"कारण तू उचलत नव्हतास."

डॉक्टरांनी दोघांच्या मनगटांवर तापकडी चढवली. प्रत्येक कड्यावर दोन आकडे: एक आपल्या अंगाच्या तापमानाचा, एक जोडीदाराच्या. "नियम एकच. एकमेकांना धीर द्यायचा नाही. निश्चिंत झालात की मेद विझतो, आणि मग अंगावर जाकीट तेवढं उरतं."

बेटावर नोव्हेंबरात सूर्य उगवायचा बंद झाला. दुपार झाली हे घड्याळ सांगेल तेव्हा मानायचं. नियम मात्र दोघांनी निष्ठेनं पाळला. न्याहारीला बर्फातल्या भेगांची चर्चा होई. निघताना "जपून जा" असं कोणी म्हणत नसे. "काल त्याच वाटेवर अस्वलाचे ठसे होते," असं म्हणत.

एके दिवशी सकाळी अकराला वादळाचा इशारा आला. सुलक्षणा हिमनदीवर बर्फाची खोली मोजत होती. घर तिथून पायी तासाभरावर. हेरंब दुसऱ्या टोकाच्या वाऱ्याच्या मनोऱ्यावरून परत निघाला आणि निम्म्या वाटेत त्याची हिमस्कूटर बंद पडली. तोवर वादळ येऊन ठेपलं; पुढचं सोडा, स्वतःचे बूटही दिसेनात.

रेडिओ खरखरला. "हेरंब, पोचलास का?"

या प्रश्नाचं उत्तर मराठी माणूस विचार करून देत नाही.

"पोचलो," हेरंब म्हणाला. "चहा टाकलाय. तू ये सावकाश."

"बरं झालं बाई," ती म्हणाली. लांब श्वास सोडल्याचा आवाज आला.

हेरंब चालू लागला. दहा मिनिटांनी त्यानं कडं पाहिलं. तिचा आकडा सदतीसवरून छत्तीसवर आला होता. मग पस्तीस.

"सुलू, चालतेयस ना?"

"टेकलेय जरा. छान वाटतंय रे. गरम होतंय."

गारठून मरणाऱ्या माणसाला शेवटी गरम होतं, हे हेरंबला ठाऊक होतं. त्याचा स्वतःचा आकडा अडतीसवर गेला.

"मी पोचलो नाही," तो म्हणाला. "खोटं बोललो. स्कूटर बंद पडलीय, मी अर्ध्या वाटेत आहे आणि मला काही दिसत नाहीये."



"आणि चहा?"

"चहाही नाही."

"मेल्या," सुलक्षणा म्हणाली, आणि आकडा वर सरकला.

ती उठली. पुढचा तासभर तो तिला आपली बोटं कशी बधिर होताहेत, बर्फ पायाखाली कसा करकरतोय, ते सांगत राहिला. बहुतेक सगळं खरं होतं.

मग रेडिओवर दार आपटल्याचा आवाज आला. "पोचले. हीटरपाशी आहे."

हेरंबच्या छातीवरचं ओझं उतरलं. तो बर्फात बसला. बसल्यावर बरं वाटलं.

"हेरंब, तुझा आकडा उतरतोय. चौतीस झालाय."

"तू पोचलीस ना. मग झालं."

"घर अर्ध्या तासावर आहे रे तुझ्यापासून. ऊठ."

"उठतो. सावकाश."

रेडिओवर दार उघडल्याचा आवाज आला, मग वारा.

"मी पायरीवर उभी आहे," सुलक्षणा म्हणाली. "जाकीट आत ठेवलंय. आता उजवा हातमोजा काढतेय."

"मूर्खपणा करू नकोस. आत जा."

"काढला."

"थापा मारतेयस. तुझा आकडा सदतीस आहे."

"तो तुझ्या काळजीनं. किती टिकेल माहीत नाही."

हेरंबनं जड डोक्यानं विचार केला. थाप असेल तर ती हीटरपाशी बसली आहे, सदतीस. खरं असेल तर उघड्यावर उभी आहे, तरी सदतीसच. कड्यावरून कळणार नव्हतं. कळायचं तर जाऊन बघायला हवं होतं.

तो गुडघ्यावर आला, मग उभा राहिला.

"पस्तीस," सुलक्षणानं वाचलं. तिचे दात वाजत होते की ती वाजवत होती, तेही समजेना. "चालत राहा. डावा हातमोजा अजून हातात आहे."