लाकडी कड्यातला रुमाल

त्याच्या डाव्या तळहातावर, अंगठ्याच्या खाली, एक आडवा पांढरा व्रण होता. कालवं उघडताना सुरी घसरते, तसाच. पण इतका सरळ, की पट्टी ठेवून आखलेला वाटावा. मी तो निरखत राहिले... आणि रांगेत माझा नंबर आला.

"हात विकायला नाहीये, मादाम. कालवं देऊ?"

मी लाजले. नवरा गेल्यानंतर पहिल्यांदाच.

त्याने एक कालव उघडून पुढे धरलं. "पहिलं पाणी सांडून टाका. मागून सुटतं ते खरं चवीचं."

"म्हणजे थांबायचं?"

"तुम्हाला सवय दिसतेय थांबायची—"

हा तांगी. कांकालच्या बंदरावर कालवं विकणारा. उन्हाळा सरेपर्यंत त्याच्या रेनकोटचा खारट वास मला दुरूनही ओळखू यायला लागला. "माझ्या घरी राहायला ये, सोलेन," तो म्हणायचा. "आईंना सांगते," मी म्हणायचे, आणि सांगायचे नाही. आई म्हणजे माझ्या सासूबाई. माझा नवरा एर्वान त्यांचा एकुलता एक मुलगा. तो गेल्यावर आम्ही दोघींनी एकमेकींना धरून ठेवलं होतं. मी निघाले, तर त्यांच्या टेबलावर एकच ताट उरणार होतं.

ऑक्टोबरच्या एका रविवारी तांगी टोपली घेऊन दारात उभा राहिला. न सांगता.

"भिजलात की हो!" आई म्हणाल्या. "बसा. जेवूनच जा."

आमच्याकडे घरच्या प्रत्येकाचा जेवताना तोंड पुसायचा कापडी रुमाल टेबलावर आपापल्या लाकडी कड्यात असतो. पाहुण्याला कागदाचा. मी तो आणायला उठले, तेवढ्यात गडबडलेल्या तांगीने समोरच्या कड्यातून रुमाल ओढला आणि भिजलेलं तोंड पुसलं.

आईंच्या हातातला पाव तसाच राहिला.

"तो एर्वानचा आहे."

तांगीचे कान लाल झाले. "माफ करा, मादाम... मी धुऊन आणतो."

"धुवायचाच असता, तर मी धुतला नसता का? शेवटचं जेवला, तेव्हापासून तसाच होता तो."

पाऊस खिडकीवर आपटत होता. आईंनी माझ्याकडे पाहिलं. "हे कोण आहेत, सोलेन?"

"कालवं... कालवं विकतात, आई."

तांगीने माझ्याकडे एकदाच पाहिलं, खुर्ची हळूच मागे सारली आणि टोपी उचलली. "येतो, मादाम. सूप छान होतं." सूप त्याने चाखलंही नव्हतं.

त्याचा हात दाराच्या कडीवर गेला. आता तो वळला नसता. आज नाही, नंतरही नाही. मी उभी राहिले.

"तांगी, थांब." मग आईंकडे वळून, एका दमात— "आई, मी खोटं बोलले. माझं याच्यावर प्रेम आहे. मी याच्या घरी राहायला जाणार आहे."