शैलाचा हत्ती

नलू, तो पंखा बंद कर जरा, खडखडतोय. हां. ही शैला म्हणजे माझ्या मेव्हण्याची सून, घोडपदेवची. खोटं वाटलं तर उद्या तिलाच विचारा.

गेल्या मार्गशीर्षातली अमावास्या. दुपारी शैला दादरहून राखाडी लोकर घेऊन आली. क्रोशाचा हत्ती विणायचा होता, होणाऱ्या बाळासाठी. सातवा महिना. आधीची दोन पोटातच गेलेली. लोकर बघून सासूनं, कमलाबाईंनी, कपाळाला हात लावला.

"गो, पोर येवच्या आधी त्याच्यासाठी काय करूचा नसता."

"दोन्ही वेळा काही केलं नव्हतं, आई. काय झालं?" शैला म्हणाली आणि सुई हातात घेतली.

रात्री नवरा, अजित, रात्रपाळीवर, सासू स्वयंपाकघरात झोपलेली. हत्तीची सोंड झाली, डोकं झालं. शैला सुई हातात धरूनच पाणी प्यायला उठली. परत येते तर डोकं अर्धं उसवलेलं. मांजर असेल म्हणावं, तर दार बंद. तिनं पुन्हा विणलं. जरा डोळा लागला. उठली, तर मांडीवर नुसता धागा, आणि लोकरीचा गुंडा खाटेखाली गेलेला.

तिसऱ्यांदा ती जागीच राहिली. डोकं तयार झालं... आणि धागा ताणला गेला. खाटेखालून. एक टाका सुटला. मग दुसरा. तिच्या डोळ्यांसमोर.

पोटातलं बाळ हलेना.

आणि तिथंच ती पेटली. धागा मनगटाला गुंडाळला.

"सोड."

खाटेखाली कुणीतरी श्वास घेतला...

"दोन नेलीस. हे नाही मिळायचं. तू उसव, मी विणते. बघू कोण दमतं."

धागा मनगटात रुतला. तिनं सोडला नाही. जरा सैल पडला की टाका घालायची. पलीकडून हिसका. पुन्हा टाका. हिसका... टाका...

मग पोटातून लाथ बसली. सणसणीत.

धागा सैल झाला.

उजाडता अजित घरी आला, तेव्हा बायको हत्तीचे कान विणत होती. फाल्गुनात मुलगी झाली. आता गॅलरीभर रांगते, सगळ्यांच्या चपला पळवते.

पण त्या सकाळी अजितनं खाट सरकवली ना... खाली अंगठ्याएवढा दुसरा हत्ती होता. त्याच लोकरीचा. नीट विणलेला.

घरात क्रोशाची सुई एकच. ती रात्रभर शैलाच्या हातात होती.