उजेड येतो खालून

विशाखा कुठंही उशिरा पोचणाऱ्यांतली नव्हे, पण त्या दिवशी साडीनं घात केला. बारावीच्या निरोप समारंभाला सगळ्या मुलींनी साडीच नेसायची असा तिची मैत्रीण मोनाली हिचा हुकूम होता. आईची मोरपंखी साडी सावरत विशाखा जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेच्या दाराशी पोचते न पोचते तोच आतून कुणीतरी बाहेर आलं, हनुवटीपर्यंत जर्नलांचा गठ्ठा घेऊन. व्हायची ती धडक झालीच. तपकिरी कव्हरांची पन्नास-साठ जर्नलं व्हरांडाभर पसरली.

"लागलं का?" विशाखानं विचारलं.

"मला नाही. जर्नलांना विचार."

मुलगा खाली बसून गोळा करायला लागला. तो सत्यम. वेरूळहून रोज एसटीनं येणारा, शेवटच्या बाकावर खिडकीशी बसणारा. दोन वर्षांत दोघांचं बोलणं झालं असेल तर "सर आले का" आणि "नाय आले" एवढंच. त्यानं एक जर्नल उचलून तिच्यापुढं धरलं.

"हे तुझं... आणि तो पदर. जमिनीला लागतोय."

तिनं पदर खोचला, वर बघितलं, तोवर तो गठ्ठा घेऊन कोपऱ्यावरून वळलाही होता. असतात काही माणसं अशी, बोलायच्या आधीच निघून जाणारी.

आता या जर्नलात एवढं काय, असं ज्यांनी सायन्स घेतलं नाही ते विचारतील. तर त्यात सरांची सही आणि शिक्का नसला की प्रात्यक्षिक परीक्षेला बसताच येत नाही. आणि डिसेंबरात विशाखाच्या आईला डेंग्यू झाला. बाबा कंपनीच्या पाळीत, म्हणून दवाखान्यात उशाशी विशाखाच. तीन आठवडे कॉलेज बुडालं आणि जर्नलात सात आकृत्या राहिल्या. सरांनी "असेल तसं जमा करा" म्हणून सगळ्यांची जर्नलं ओढून घेतली, तेव्हापासून पोरीला जेवण गोड लागत नव्हतं.

तिनं भीत भीत पान उलटलं. जास्वंदीच्या फुलाचा उभा छेद. पुढचं पान. परागकण. त्यापुढं कांद्याच्या मुळाच्या पेशी. सातच्या सात आकृत्या काढलेल्या होत्या. शेवटच्या पानावर सरांची सही होती आणि निळा शिक्काही.

कुणी काढल्या?

आधी तिला हायसं वाटलं, मग राग आला. माझं जर्नल, मला न विचारता? आणि मग राहिली ती नुसती उत्सुकता, दातात अडकलेल्या बडीशेपेसारखी. जीभ पुन्हा पुन्हा तिथंच जाते.

प्रत्येक आकृतीखाली सरांनी लाल शाईनं चिडून लिहिलं होतं, 'छटा देऊ नये. ही आकृती आहे, चित्र नव्हे.' खरंच, ज्यानं कुणी काढलं होतं त्याला राहवलं नव्हतं. पाकळ्यांना बारीक ठिपक्यांची सावली दिली होती. पण ती सावली उलटी होती. पाकळीचा खालचा भाग उजळ आणि वरचा अंधारा, जणू फुलाखाली दिवा ठेवलाय.

आत आशाबाई परीक्षानळ्या विसळत होत्या. प्रयोगशाळेच्या किल्ल्या त्यांच्याकडंच असायच्या.

"मावशी, माझ्या जर्नलला कुणी हात लावला?"

"मला काय माहीत नाय बाई. दुपारच्याला हितं कोण बसतं, कोण नाय, मी कशाला बघू?"

"म्हणजे दुपारी कुणीतरी बसायचं."

आशाबाईंनी जीभ चावली. "लई वकिली करू नको. जा तिकडं, समोसे गार व्हायलेत."

विशाखा वर्गात गेली आणि दारातच थबकली. फळ्यावर रंगीत खडूनं कॉलेजचं फाटक आणि त्यावर वाकलेला कडुनिंब काढला होता. वर झोकात 'निरोप समारंभ' अशी अक्षरं. आणि कडुनिंबाची पानं... खालून उजळलेली.

फळ्याला टेकून विश्वजीत उभा होता, वर्गाचा प्रतिनिधी. वर्गात काहीही चांगलं घडलं की हा त्याच्याजवळ उभा सापडायचाच.

"फळा कुणी केला रे?"

"आपणच. दुसरं कोण?"

"मग माझं जर्नलसुद्धा तूच..."

विश्वजीतनं आधी फळ्याकडं पाहिलं. मग त्यानं केसांतून हात फिरवला. "आता... मदत करायची म्हटलं. त्यात काय एवढं."

खरं तर तिला आनंद व्हायला हवा होता. विश्वजीत दिसायला बरा, हुशार, निम्म्या मुली त्याच्यावर जीव टाकायच्या. पण विशाखा खट्टू झाली. हाच का तो, असं तिला वाटलं, आणि असं वाटलं म्हणून स्वतःचाच राग आला.

"एक सांग," ती म्हणाली, "उजेड खालून का दिलास?"

"खालून? म्हणजे... ट्यूबलाइटचा तो..."

"तुमच्याकडं ट्यूबलाइट जमिनीवर लावतात?"

शेजारी मोनाली फिस्सकन हसली. विश्वजीतचे कान लाल झाले. "छोड ना यार. अक्षरं माझी आहेत. चित्र सकाळी आलो तेव्हा होतंच. जर्नलचं मला काहीच माहीत नाही."

विशाखाला इतकं हलकं वाटलं की तिनं त्याला आपला समोसा देऊन टाकला.

पण वेळ थोडा होता. आजचा कार्यक्रम संपला की अभ्यासाची सुटी, मग परीक्षा, आणि मग हे साठ जण साठ दिशांना. आज कळलं नाही तर कधीच कळणार नव्हतं. कुणीतरी आपल्यासाठी सात पानं भरली आणि आपण त्याचं नावही न विचारता गेलो, ही रुखरुख जन्मभर पुरली असती.

तेवढ्यात मोनालीनं फिशपाँडचा डबा वाजवला. निरोपाला फिशपाँड हवाच. ज्याला जे टोमणे मारायचे ते चिठ्ठीवर लिहायचे, खाली नाव घालायचं नाही, आणि ते भर वर्गात मोठ्यानं वाचायचे. विशाखानं वहीचं पान फाडलं, दोन ओळी खरडल्या आणि चिठ्ठी डब्यात टाकली. मग ती फळ्याच्या कडेला जाऊन उभी राहिली, जिथून सगळ्यांचे चेहरे दिसतात.

चार-पाच चिठ्ठ्यांनंतर मोनालीनं ती उलगडली.

"सावली ज्याची वर चढते, उजेड येतो खालून,
नाव सांगितल्याशिवाय जाऊ नको इथून."

वर्ग हसला. कुणी म्हणालं, "कंदील घेऊन फिरतो का हा?" पुन्हा हशा. एकूणएक हसत होते. फक्त शेवटच्या बाकावर, खिडकीशी, सत्यम हसला नाही. त्यानं मान खाली घातली आणि तो तळहातावरचा खडू पुसायला लागला.

विशाखानं हातातल्या जर्नलकडं पाहिलं. कव्हरवरचं नावाचं लेबल कधीच गळून पडलं होतं, नुसता डिंकाचा डाग उरला होता. साठ सारखी तपकिरी जर्नलं, आणि त्यानं न उघडता तिचंच तिच्या हातात दिलं होतं.

पुढं सरांचं भाषण झालं. "जिथं जाल तिथं..." हे शब्द सरांनी अकरा वेळा उच्चारले, मोनालीनं मोजले. पेढे वाटून झाले, फोटो झाले, रडारड झाली. आणि विशाखानं मागं वळून बघितलं तर खिडकीजवळचा बाक रिकामा.

ती साडी मुठीत धरून पळाली. शेअर रिक्षात तीन बायकांच्या मध्ये बसून मध्यवर्ती स्टँडवर पोचली तेव्हा वेरूळची गाडी फलाटावर लागलेली होती आणि सत्यम पायरीवर एक पाय ठेवून उभा होता.

"थांब."

त्यानं पाय काढून घेतला.

"न विचारता दुसऱ्याचं जर्नल भरतात का?"

"नाय भरत," तो म्हणाला. "चुकलंच."

"मग का भरलं?"

"चारपर्यंत गाडी नसायची मला. मावशी प्रयोगशाळेत बसू द्यायच्या. तुझं जर्नल समोर होतं, सात पानं कोरी..." तो थांबला. "तुझी आई आजारी होती ना."

"तुला कसं कळलं?"

"बाक रिकामा होता तुझा."

"इतक्या बाकांत माझाच रिकामा दिसला?"

"...दिसला."

आता लाजायची पाळी विशाखाची होती, पण तिनं ते पदर सावरण्यात लपवलं. "आणि उजेड खालून का?"

इथं मात्र तो मोकळा झाला. "बाबा लेण्यांवर पहारेकरी आहेत. मी लहानपणापासून तिथंच बसून चित्रं काढतो. लेण्यात ऊन थेट नाय जात. आधी अंगणातल्या दगडावर पडतं, मग तिथनं उसळून आत येतं. मूर्तीची हनुवटी उजळते अन् कपाळ अंधारात राहतं. मला वाटायचं, सगळीकडं असंच असतं."

"काहीतरीच."

"मग ये बघायला. चारच्या सुमाराला."

"आणि सांगितलं का नाहीस इतके दिवस?"

"सांगितलं असतं तर तू थँक्यू म्हणाली असतीस. मग काय उरलं असतं?"

कंडक्टरनं घंटी मारली. सत्यम पायरीवर चढला आणि तिथूनच, जिवावर आल्यासारखा, म्हणाला, "परीक्षा झाली की नाशिकला चाललोय. मामाचं वर्कशॉप आहे. बाबांनी ठरवलंय."

विशाखानं गाडीच्या दाराची दांडी धरली. आत्ता तर सापडला होता. "कधी?"

"शेवटच्या पेपरनंतर तिसऱ्या दिवशी."

"मग दुसऱ्या दिवशी मी येते. तुझं खोटं निघालं तर सातही आकृत्या खोडून घेईन."

शेवटच्या पेपरच्या दुसऱ्या दिवशी ती खरंच गेली. आईला सगळं सांगून गेली. आई एवढंच म्हणाली, "मोनालीला सोबत ने, आणि पोराला माझा आशीर्वाद सांग." मोनाली शहाणी. ती फाटकाबाहेर पेरूवाल्याशी भाव करत बसली.

मार्चचं ऊन होतं, पण लेण्यात गारवा होता. दोघं एका खांबाशी बसले. सूर्य कलला, अंगण तापून पांढरं झालं, आणि हळूहळू आतला अंधार खालून उजळायला लागला. आधी पायऱ्या उजळल्या, मग मूर्तीचे गुडघे, मग हनुवटी.

"बघ," सत्यम म्हणाला. "बघतेयस ना?"

"बघतेय."

"मूर्तीकडं बघ ना."

पण ती त्याच्याकडं बघत होती. त्याच्याही हनुवटीवर तोच उजेड होता आणि कपाळ सावलीत होतं. हा मुलगा उद्या जाणार आणि आपल्याला ते मुळीच नको आहे, हे तिला अगदी स्वच्छ कळलं.

"मला आवडतोस तू," ती म्हणाली. "फिशपाँडमध्ये लिहिता आलं असतं, पण त्यावर नाव घालता येत नाही."

सत्यमनं मूर्तीकडं पाहिलं, पायऱ्यांकडं पाहिलं. मग म्हणाला, "अकरावीपासून..." आणि पुढचं वाक्य त्याला काही सुचेना. तिला तेवढं पुरलं.

तिनं पिशवीतून जर्नल काढलं. प्रात्यक्षिक झाल्यावर ते परत मिळालं होतं, आणि कव्हरवर आता नवं लेबल होतं. लेबलवर दोन नावं होती.

"मागची चाळीस पानं कोरी आहेत. नाशिकला घेऊन जा. रोजच्या कामातून वेळ काढ, पण भर. आणि दिवाळीला स्वतः आणून दे."

"पुरं नाय झालं तर?"

"तर परीक्षेला बसू देणार नाही."

त्यानं जर्नल घेतलं, अंगठ्यानं कोरी पानं सर्रकन सोडली. "तपासणार कोण? सही कोण करणार?"

"मी करीन," विशाखा म्हणाली. "आणि छटा दिलेली चालेल."