खिळ्यावरचा कोरा बिल्ला

शनिवारची अर्ध्या दिवसाची पाळी होती आणि राडोयकाचा कामावरचा पहिलाच दिवस. सर्बियातल्या लेस्कोवाचहून छोट्या बसमध्ये गुडघे पोटाशी घेऊन ती स्लोवाकियात पोचली, तर मजूर पुरवणाऱ्या एजन्सीच्या दालिबोरनं तिला थेट कंपनीच्या शीतगोदामापाशी उतरवलं. तोंडसुद्धा धुऊ दिलं नाही. कोणाचं तरी घामट निळं जाकीट अंगावर टाकलं, हातमोजे दिले, झाली बाई कामावर रुजू!

"पण आत करायचं काय?" तिनं विचारलं.

"कंपनीवाले सांगतील, मावशी."

कंपनीचा मुकादम बोहुश म्हणाला, "तू एजन्सीची ना? मग एजन्सी सांगेल."

राडोयकानं हातमोजे चढवले. फार प्रश्न विचारणाऱ्या एका बाईला आल्या बसनं परत धाडल्याचं तिनं वाटेत ऐकलं होतं. घरी नवरा पाठीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळलेला. परत जाऊन खायचं काय?

गोदामाच्या जाडजूड दाराशेजारी एक फळी होती, तिच्यावर खिळ्यांची रांग. कंपनीची कायमची माणसं आत शिरताना आपापला लाल बिल्ला खिळ्याला अडकवत आणि बाहेर आली की काढून खिशात टाकत. असेल यांचा काही हजेरीचा प्रकार, असं म्हणून राडोयका तशीच आत गेली. तिला बिल्ला कोणी दिलाच नव्हता.

आत गोठवलेल्या रासबेरीची खोकी छतापर्यंत रचलेली. पंख्यांची अखंड घरघर, आणि आंबूसगोड वासात मिसळलेला लोखंडाचा वास. माणूस हलला की डोक्यावरचा दिवा लागायचा, थांबला की विझायचा. तिला सगळ्यात शेवटच्या बोळात पाठवलं होतं.

"वरची आधी काढ. नाहीतर अख्खी रास अंगावर येईल."

चक्क सर्बियन बोली! तिच्यासारखंच निळं जाकीट घातलेली एक बाई समोरच्या राशीपाशी उभी होती. राडोयकाचा जीव भांड्यात पडला. सकाळपासून पहिल्यांदा कोणी धड काही सांगत होतं.

"कुठली गं तू?" राडोयकानं विचारलं.

"आपल्या सर्बियातलीच, व्रान्येची. ...कोणी काही सांगितलं नाही ना? मलाही नव्हतं सांगितलं."

दोघी कामाला लागल्या. ती बाई बोलायची कमी, पण खोकं कसं धरायचं, बोटं कशी हलती ठेवायची, सगळं दाखवत होती. एकच गोष्ट राडोयकाला खटकली. ती बाई इकडून तिकडे फिरत होती, तरी तिच्या डोक्यावरचा दिवा लागत नव्हता. बिघडला असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं.

मग कधीतरी तिच्या लक्षात आलं, की बाकीच्या बोळांमधले आवाज थांबलेत. ती दाराकडे धावली. दार बंद होतं.

तिनं मुठी आपटल्या, लाथा मारल्या, बोहुशला हाका मारल्या, शेवटी आईलाही हाका मारल्या. सोमवारपर्यंत इकडे कोणी फिरकणार नव्हतं. घशातून आवाज निघेना तेव्हा ती दाराशी मटकन बसली आणि दिवा विझला.

"बसू नकोस," अंधारातून ती बाई म्हणाली. "बसलीस की संपलं."

"मी आत असताना दार लावलंच कसं त्यांनी?"

"फळीवरचे बिल्ले गेले म्हणजे माणसं गेली. मुकादम तेवढंच बघतो. आपण त्यात नसतोच..."

राडोयका रडत उठली. दिवा लागला.

"दाराच्या उजवीकडे, खाली. बर्फाच्या थराखाली गोल मूठ आहे. खरवड आणि आत दाब."

पट्ट्याच्या बकलानं राडोयका वेड्यासारखी खरवडू लागली. हातमोजा फाटला, बोटांतून रक्त आलं. बर्फाखालून हिरवी मूठ दिसू लागली.

"तुला... तुला कधी कळलं हे?"

"नंतर."

राडोयकानं मान वळवली. तिच्या स्वतःच्या तोंडातून वाफेचे लोट निघत होते. त्या बाईच्या ओठांपुढची हवा स्वच्छ होती.

तिनं सगळा भार टाकून मूठ दाबली. दार सुटलं.

"चल... तूही चल ना..."

"माझा बिल्ला लाव. तोवर कोण मोजणार मला?"

"नाव काय लिहू?"

"नाव कोणी विचारलंच नाही गं."

बाहेर फरशीवर दुपारचं ऊन पडलं होतं. राडोयका त्या उन्हात आडवी पडून लहान पोरासारखी रडली.

सोमवारी तिनं बोहुशला गाठून त्या बाईबद्दल विचारलं. तो खांदे उडवून म्हणाला, "इथं आमचं कोणी मेलेलं नाही. ती एजन्सीची होती." दालिबोर म्हणाला, "मावशी, कशाला फाटे फोडता? गेली ती कंपनीच्या हद्दीत."

राग असा आला की नोकरीची भीतीही मागे पडली. तिनं डब्याच्या लाल झाकणातून दोन बिल्ले कापले. एकावर स्वतःचं नाव घातलं, दुसरा कोरा ठेवला, आणि आत जाताना दोन्ही खिळ्यांना अडकवले.

पाळी सुटली. सगळ्यांनी आपापले बिल्ले काढले, राडोयकानंही आपला काढला. कोरा तेवढा राहिला.

"कोण राहिलंय आत?" किल्ली हातात घेऊन बोहुश ओरडला. "कोणाची थट्टा ही?"

"बिल्ला असला की आत बघून यायचं," राडोयका म्हणाली. "नियम तुमचाच आहे ना? मग जा."

चारचौघांसमोर त्याला जाणं भाग पडलं. पुटपुटत तो आत शिरला. उघड्या दारातून त्याच्या डोक्यावरचे दिवे एकेक करून लांब जाताना दिसले, शेवटच्या बोळाशी थांबले आणि विझले. बराच वेळ एकही दिवा लागला नाही.

मग दिवे एकदम धावत परत आले. बोहुश बाहेर पडला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. किल्ली त्याच्या हातात नव्हती.

"फळीवर..." तो धापा टाकत म्हणाला. "फळीवर किती आहेत... बघा..."

दाराकडे लागलेल्या सगळ्यांच्या नजरा फळीकडे वळल्या. रांगेतल्या शेवटच्या खिळ्यापर्यंत कोरे लाल बिल्ले लटकत होते, आणि त्यांच्यावरचा बर्फ वितळून फरशीवर ठिबकत होता.

राडोयकानं कोरा बिल्ला एकच कापला होता.