तात्यांची चार मिनिटं

२०८२ साली सही करणारं माणूस शोधूनही सापडलं नसतं. बँक असो, रेशन असो, दवाखाना असो, काचेच्या पट्टीवर पेनानं एक रेघ ओढायची की काम झालं. प्रयोगशाळेच्या दारातही तीच पट्टी होती. शाल्मली तोडणकरनं रेघ ओढली, तशी पट्टी म्हणाली, "या, शाल्मलीताई. आपण घाबरलेल्या दिसता." मेलं यंत्र! चारचौघांत सांगायची काही गरज होती का?

पण ती घाबरली होती हे खरं. उद्या दुपारी बारा वाजता त्या इमारतीतले एकशे पासष्ट कागद जाळले जाणार होते, आणि त्यांतल्या एका कागदात तिच्या बापाची अब्रू अडकली होती.

गोष्ट तीस वर्षांमागची, २०५२ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीची. राष्ट्रपती आपण थेट निवडत नाही. खासदार-आमदार निवडतात, तेही गुप्त मतदानानं. सागरघाट राज्याच्या विधानभवनात एकशे पासष्ट आमदार एकेक करून पडद्याआड गेले आणि आयोगानं दिलेल्या जांभळ्या शाईच्या पेनानं आपल्या पसंतीच्या नावापुढे १ लिहून आले. शाई सारखी, पेन सारखं, म्हणजे कुठला आकडा कुणाचा ते ब्रह्मदेवालाही कळू नये. शाल्मलीचे वडील शिवदास तोडणकर त्यांतलेच एक. त्यांच्या पक्षाचे आमदार होते नव्वद. उमेदवाराला मतं पडली एकोणनव्वद. एक फुटलं, आणि देशभरची बेरीज इतकी अटीतटीची होती की तेवढ्यावर उमेदवार पडला.

फुटलं कोण? दारावरच्या कॅमेऱ्यात दिसलं की बाकीचे अर्ध्या मिनिटात बाहेर आले आणि तोडणकर आत चार मिनिटं होते. झालं! एवढा पुरावा लोकांना पुष्कळ झाला. गावानं त्यांचं नाव 'चारमिनिटे' पाडलं. तिकीट गेलं, लग्नपत्रिका यायच्या थांबल्या, गणपतीत घरोघरी आरत्या म्हणत फिरणारी मंडळी त्यांचं अंगण तेवढं गाळून पुढे जाऊ लागली. बारा वर्षांची शाल्मली शाळेतून रडत यायची. "तात्या, सांगा ना सगळ्यांना, तुम्ही नाही फुटलात म्हणून!" तात्यांचं उत्तर ठरलेलं. "गुप्त म्हणजे गुप्त, बाय." तिच्या आईलाही मरेपर्यंत त्यांनी दुसरं काही सांगितलं नाही. आता तात्या शहाऐंशीचे होते आणि शाल्मली गावातच मसाल्याची गिरण चालवत होती.

निकालाविरुद्ध कुणीतरी कोर्टात गेलं होतं. खटला तीस वर्षं रेंगाळला, म्हणून मतपत्रिका जाळायच्या राहून गेल्या. आता तो संपला. जाळण्याआधी त्या खऱ्या आहेत का, एवढं तपासायचं काम डॉक्टर नर्गिस मुकादम यांच्याकडे आलं होतं.

"तुम्ही इथे यायलाच नको होतं," नर्गिसबाई म्हणाल्या.

"एवढंच सांगा मॅडम, नुसत्या एका आकड्यावरून माणूस ओळखू येतो?"

"हात पुढे धरा. स्थिर वाटतोय ना? तो स्थिर नाही. प्रत्येकाचा हात सेकंदाला दहाएक वेळा थरथरतो, डोळ्यांना दिसणार नाही इतका बारीक. तुमच्या नसांचा आणि स्नायूंचा तो ठेका असतो, तसा दुसऱ्या कुणाचा नसतो. लिहिताना तो शाईत उतरतो. रेघ कुठे कणभर जाड होते, कुठे बारीक. तिला आम्ही कंपमुद्रा म्हणतो. दारातली पट्टी तीच वाचते. आकडा तीस वर्षांपूर्वीचा असला म्हणून काय झालं? शाईबरोबर कंपही तिथेच सुकलेला असतो."

शाल्मलीनं पिशवीतून एक पिवळं पडलेलं पत्र काढलं. तात्यांनी त्याच वर्षी आमदार निवासातून लेकीला लिहिलेलं.

"हे जुळवून बघा. एकच मत. पाया पडते तुमच्या."

"अहो, मी शपथ घेतलीय. आणि नीट ऐका. एक मत वाचलं गेलं हे लोकांना कळलं, की सगळीच वाचता येतात हे कळलं. पुढच्या महिन्यात पुन्हा निवडणूक आहे."

"मी कुण्णाला सांगणार नाही. फक्त तात्यांना."

नर्गिसबाईंच्या तोंडून हो आलं नाही, पण हात पत्राकडे गेला. बाईंना दया आली हे खरं, आणि तीस वर्षांचं कोडं समोर असताना कुतूहल आवरलं नाही हेही तितकंच खरं. यंत्र अकरा मिनिटं घुमत राहिलं. शाल्मलीनं तेवढ्या वेळात घरातल्या सगळ्या देवांना नवस बोलून घेतले.

"तुमचे वडील फुटलेले नाहीत."

शाल्मली टेबलावर डोकं टेकून हुंदके देत रडली.

"मात्र दुसऱ्या उमेदवाराच्या नावापुढे एक ठिपका आहे, सूक्ष्मदर्शकाखालीच दिसेल एवढा," नर्गिसबाई हलकेच म्हणाल्या. "पेन आधी तिथे टेकलं होतं. मग उचललं."

"मग फुटलं कोण?"

"ते विचारू नका, मी सांगून बसेन."

दुसऱ्या दिवशी कागद जळाले. शाल्मलीनं तात्यांच्या हातावर पेढा ठेवून सगळं सांगितलं. तात्यांनी पेढा खाली ठेवला.

"तू माझं मत वाचलंस?"

"तात्या, तुम्ही निर्दोष आहात!"

"फुटलो असतो तरी निर्दोषच होतो गं! त्या मतदानाला पक्षाचा आदेश लागूच नसतो." म्हाताऱ्यानं पेढा आणखी दूर सारला. "जन्मभर पक्षानं सांगितलं तिथे हात वर केला. त्या पडद्याआड पहिल्यांदा माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. समोरचा माणूस जास्त लायक वाटत होता. पेन टेकवलं, उचललं, पुन्हा विचार केला. शेवटी ठरवलं ते माझं मी. ती चार मिनिटं माझी होती, बाय. आणि मी 'मी नाही' म्हटलं असतं तर लोक उरलेल्या एकोणनव्वदांच्या मागे लागले असते. कुणाला बोलू नकोस."

शाल्मलीनं मान हलवली, आणि आठ दिवस ती खरोखर गप्प राहिली. नवव्या दिवशी गिरणीच्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली, "चारमिनिट्यांची गिरण ही. मिरच्या आपल्या समोरच दळून घे, बदलायच्या!" शाल्मलीच्या डोक्यात तिडीक गेली. तीस वर्षं गिळलेलं सगळं एकदम वर आलं.

"माझ्या बापाचं मत यंत्रानं वाचलंय! नाही फुटले ते! समजलं?"

आपण कुणाचं वाईट तर बोललो नाही, असंच तिला वाटलं. संध्याकाळपर्यंत ते वाक्य देशभर झालं. विचारल्यावर नर्गिसबाई खोटं बोलल्या नाहीत. त्यांची नोकरी गेली. ज्यांनी आरत्या बंद केल्या होत्या तीच मंडळी ढोल घेऊन तोडणकरांच्या अंगणात आली. तात्या काही बाहेर आले नाहीत. हार उंबऱ्यावर सुकले.

पुढच्या महिन्यात मतदान झालं. पक्ष-कार्यालयांच्या दारांतही तीच पट्टी, त्यामुळे सगळ्या पक्षांकडे आपापल्या आमदारांच्या कंपमुद्रा होत्याच. "आम्ही तपासणार थोडंच आहोत?" नेते हसत हसत सांगत होते. काहीजणांनी तर आमदारांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं. शाल्मलीनं तात्यांच्या खाटेशेजारी बसून दिवसभर टीव्ही पाहिला, आणि प्रत्येक आमदार दारातून आत गेला की तिची नजर नकळत घड्याळाकडे जात राहिली.

चार दिवसांनी निकाल लागला. सागरघाट राज्यात एकही मत फुटलं नव्हतं. ज्या पक्षाचे जितके आमदार, तितकीच मतं. निवेदिका आनंदानं सांगत होती, इतकं शिस्तबद्ध मतदान राज्याच्या इतिहासात झालं नव्हतं. बाहेर फटाके वाजले.

"बाय," तात्यांनी विचारलं, "आत एकेकाला किती वेळ लागत होता गं?"

तिला खोटं बोलावंसं वाटलं, पण जमलं नाही. "सहा सेकंद, तात्या. एखाद्याला सात."

"पडदा लावला होता?"

"लावला होता की."

"कशाला?" तात्या म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.