त्रेचाळीस नंबर टेबलाची तार

“अहो, त्रेचाळीस नंबर!”

टेबलाखाली खोकी लावत बसलेला उंच तरुण दचकला आणि त्याचं डोकं खाडकन फळीवर आपटलं. सैमीला हसू आलं, पण तिने ते गिळलं. आज ती भांडायला आली होती.

ओउलू शहराच्या या जुन्या वस्तूंच्या बाजारात विकणारा सहसा भेटत नाही. भाड्याच्या टेबलावर सामान मांडायचं, चिठ्ठीवर टेबलाचा नंबर टाकायचा आणि घरी जायचं. पैसे दाराशी काउंटरवर. आज मात्र गुन्हेगार आयताच सापडला होता.

“जॉयस्टिकच्या दोन तारा नेल्या तुमच्याकडून. पहिली खाचेत शिरेचना. दुसरी शिरली, पण खेळातला माणूस खाली जातो, डावी-उजवीकडे जातो… वर काही जात नाही!”

“बघू.” त्याने डोकं चोळत तार हातात घेतली. “ही मोडेमची. तोंड तेच, आत एक वायर कमी. तुम्ही खरंच खेळता? मला वाटलं, लोक शोभेला नेतात.”

“माझे बाबा खेळतात. मनगट मोडलं होतं, आता प्लॅस्टर निघालंय. डॉक्टरबाईंनी दाबायला रबरी चेंडू दिला, तो त्यांनी कुत्र्याला दिला. म्हणतात, माझ्या जुन्या कॉम्प्युटरची जॉयस्टिक द्या, तासभर हलवतो. आणि तिची तार कुरतडली त्याच कुत्र्याने!”

“मग नवी जॉयस्टिक—”

“तुम्ही बाबांना ओळखत नाही.” तिचा आवाज एकदम खाली आला. “बोटं अजून वळत नाहीत त्यांची. अशीच राहिली तर…”

त्याने मोडेमची तार बाजूला ठेवली. “गुरुवारी या. माझ्या लहानपणच्या खेळाच्या यंत्राची एक तार आहे, तिच्यात सगळ्या वायरी आहेत. खाचेत बसायला प्लगचे खांदे तेवढे तासावे लागतील.”

“स्वतःच्या यंत्राची तार कापणार?”

“पडूनच आहे ते.” त्याचे कान लाल झाले. “शनिवारी माझ्या टेबलाचं भाडं संपतंय. त्याआधी जमलं म्हणजे बरं.”

गुरुवारी टेबलावर तार होती, तो नव्हता. चिठ्ठीवर नंबराखाली बारीक अक्षरं होती : ‘वर जाते. तीनदा तपासली. ओत्सो.’ सैमीने ती चिठ्ठी पाकिटात ठेवली… का, कोण जाणे.

त्या संध्याकाळी बाबांनी पडद्यावरच्या खेळाडूला बर्फाच्या उतारावरून उडवलं. दातओठ खात, घाम पुसत त्यांनी वीस उड्या मारल्या. विसाव्या उडीला त्यांची करंगळी वळली. सैमी स्वयंपाकघरात जाऊन रडली.

काम झालं होतं. शुक्रवारभर ती स्वतःला हेच बजावत राहिली. शनिवारी सकाळी मात्र तिने जॉयस्टिक तारेसकट ओढून काढली.

“कुठे निघालीस?” बाबा ओरडले.

“तक्रार करायला!”

“अगं, छान चालतेय की!”

“म्हणून तर!”

बाजारात ओत्सो शेवटचं खोकं बांधत होता.

“वर जात नाही,” सैमी म्हणाली.

त्याच्या कपाळाला आठी पडली. त्याने मीटर काढला, एकेक वायर तपासली. प्रत्येक वेळी मीटर वाजला. “सगळ्या ठीक आहेत.”

“माहीत आहे.”

त्याने मान वर केली.

“तुझं टेबल आज जातंय,” ती एका दमात म्हणाली, “आणि त्रेचाळीस नंबर सोडला तर माझ्याकडे तुझा काही पत्ता नाही. मला तू आवडतोस. हं… झालं बोलून.”

ओत्सोने मीटर खाली ठेवला. त्याने कोटाच्या खिशातून दुसरी तार काढली. खांदे नीट तासलेली.

“ही कशाला?”

“म्हटलं, तू पुन्हा भांडायला आलीस तर हातात काहीतरी असावं. कालपासून इथेच बसलोय. काउंटरवाल्या बाई विचारत होत्या, तुला घर नाही का म्हणून.”

“घरी दुसरी जॉयस्टिक आहे,” सैमी हळूच म्हणाली. “तिचीही तार गेलीय.”

“कुत्रा?”

“कुत्रा. बाबा तुला हरवतील हं.”

“हरवू देत. करंगळी वळली का त्यांची?”

तिने नुसती मान डोलावली. डोळे भरून आले होते.

त्याने खोकं काखेत मारलं. बाहेर रस्त्यावरच्या बर्फावर वाळू टाकलेली होती, घसरण्यासारखं काही नव्हतं. तरी सैमीने त्याचा दंड घट्ट धरला.