मादागास्करला जाणारी पेटी

फोन वाजला तेव्हा छगनचं तोंड शेवेनं गच्च भरलेलं होतं. तरी त्यानं रिसीव्हर उचललाच.

पलीकडून कोणी बोलेना. नुसता श्वास, फुग्यातून हवा सुटावी तसा.

छगननं धाडकन फोन ठेवला. "अक्का, कोणी चावट माणूस शे! नुसता फुसफुस करतो!"

"छगन, पुन्हा वाजला की मी घेईन," मंजुळाअक्का म्हणाल्या.

मंजुळाअक्का! जळगावात शिवणयंत्रांच्या दुकानावरच्या खोलीत त्यांनी 'खाजगी तपास' अशी पाटी लावली, तेव्हा खालचा दुकानदार आठवडाभर हसत होता. मग त्याच्याच गल्ल्याचा चोर अक्कांनी पकडून दिला आणि त्याचं हसू बंद झालं. त्याआधी अक्का टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंककॉल जोडायच्या. अख्ख्या जिल्ह्याची खरखर ऐकून त्यांचे कान असे तयार झाले होते की भिंतीपलीकडे कोणी सुस्कारा टाकला तरी तो कुणाचा ते त्या सांगत. छगन त्यांचा मदतनीस. धुळ्याकडचा, अंगानं भरलेला, मनानं सरळ, डोक्यानं जरा सावकाश.

फोन पुन्हा वाजला. अक्कांनी डोळे मिटून ऐकलं. "बोला बाई. हळूच बोला, मला सगळं ऐकू येतंय."

थोड्या वेळानं त्या उठल्या आणि स्कूटरची किल्ली घेतली. "फैजपूरला जायचंय. चल, बस मागे."

स्कूटर अक्काच चालवायच्या. भुसावळच्या रस्त्याला लागल्यावर त्यांनी वाऱ्यावर ओरडून सगळं सांगितलं. श्वास सोडणारा चावट माणूस म्हणजे सुनंदाबाई, फैजपूरच्या निवृत्त इंग्रजीच्या शिक्षिका. घशात गाठ झाली होती. आवाज आताच बसला होता आणि परवा मुंबईला ऑपरेशन. त्यानंतर तो कायमचा जाणार होता.

"आणि चोरी काय झाली?"

"आवाजच चोरीला गेलाय, छगन."

छगनला काही कळलं नाही, पण तेवढ्यात स्कूटर खड्ड्यात आदळली आणि त्यानं सीट घट्ट धरली.

*

फैजपूरच्या घरात सुनंदाबाईंनी कुजबुजत सगळी हकीगत सांगितली. त्यांचा एक जुना विद्यार्थी, धरणगावचा मगन, जिनिंगच्या यंत्रांचा फिटर. कामासाठी मादागास्कर बेटावर गेला आणि तिथेच राहिला. तिथल्या शाळेत फ्रेंच चालतं, पण बंदरावर काम मागायला गेलं की इंग्रजी विचारतात. गरिबांच्या पोरांना ते शिकवणार कोण? मगननं कळवलं, 'बाई, तुम्ही आम्हाला शिकवलं तसं इथे कोणी शिकवील का?'

मग निघालं 'पैलतीर मंडळ'. मंडळ म्हणजे काय, तर सुनंदाबाई, खजिनदार पितांबरआबा आणि एक रबरी शिक्का. शिक्षक पाठवण्याइतकी ऐपत कुठली? म्हणून बाईंनी वर्षभर बसून सगळे धडे कॅसेटवर बोलून ठेवले. तिकडे पत्र्याच्या शेडमध्ये मगन टेपरेकॉर्डर लावणार आणि पोरं बाईंच्या मागे म्हणणार. फुकट शाळा!

"उद्या सकाळी ट्रक येणार, पेटी मुंबईला जाणार, तिथून बोटीत," बाई म्हणाल्या. "आज पेटी भरूनच सत्यनारायण घातला. जेवणं झाली. जेवणानंतर पाहते तर कॅसेटा नाहीत. आणि मी आता पुन्हा बोलू शकत नाही हो."

माजघरात लाकडी पेटी होती. पूजेला चौरंग न मांडता बाईंनी ती पेटीच मांडली होती; आरती होताच वरची पूजा देवघरात हलवली होती. तिच्या चारी कोपऱ्यांना सकाळीच तोडलेले केळीचे खुंट बांधलेले, माणसाच्या उंचीचे, हिरवेगार.

"झाकण कसं उघडायचं?" अक्कांनी विचारलं.

"पुढचे दोन खुंट सोडून, कवेत धरून बाजूला करावे लागतात," बाई म्हणाल्या. "मीही कुंदाबाईला, स्वयंपाकाच्या बाईला, धरायला लावले."

"छगन, धर."

छगननं दोन्ही खुंट पैलवानासारखे कवेत घेतले. त्याचा पांढरा शर्ट पाण्यानं जरासा ओलसर झाला. पेटीत पितळी घंटा होती, पाट्या होत्या, खडू होते. कॅसेटांची आणि टेपरेकॉर्डरची जागा मात्र रिकामी.

"टेप विजेवर चालतो?"

"तिकडे शेडमध्ये वीज नाही. चार सेलवर चालतो. सेल मुंबईत घ्यायचे ठरलंय, म्हणून आत घातलेच नव्हते."

कोपऱ्यात अंधार होता. छगननं खुंटीवरची लांबलचक बॅटरी काढून बटण दाबलं. पेटली नाही. "हलकीच लागते," तो पुटपुटला आणि परत टांगली.

"आणखी काही गेलं?"

बाई जरा अडखळल्या. "फळीवर एक खराब कॅसेट होती. धडा सांगता सांगता शेगडीवरचं दूध उतू गेलं आणि मी मध्येच ओरडले. मग हसूच आवरेना. ती पाठवण्यासारखी नव्हती, वेगळी ठेवली होती. तीही नाही."

अक्कांनी एकदम मान वर केली. छगनला वाटलं, टाकाऊ कॅसेटीत काय एवढं?

*

जेवायला घरचे सोडून दोघंच पाहुणे होते आणि दोघंही अजून थांबले होते. पितांबरआबा मागच्या अंगणात, कापसाच्या पऱ्हाट्यांच्या राखेपाशी बसले होते. भरताची वांगी त्यांनीच भाजली होती. पांढरंशुभ्र धोतर, त्यावर थोडी राख.

"मी विरोधातच होतो, लपवू कशाले?" ते म्हणाले. "आपल्या पोरायले इंग्लिशमधी धड नाव सांगता येत नाही, अन् आपण चाललो समुद्रापार शाळा काढाले! पण बाईपुढे कोणाचं चालते?"

"मग पेटी अडली तर बरंच की."

"अडवायची असती तं शिक्काच लपवला असता! कॅसेटा घेऊन मी काय करू, भरतात घालू?"

"जेवणाआधी तुम्ही इथून हलला होता?"

"धुरानं डोळे गेले, म्हणून धुवाले गेलो. एकटाच."

दुसरे बन्सीलाल. त्यांचे इंग्रजी संभाषणाचे क्लास धुळ्यात आणि जळगावात दणक्यात चालत. क्रीम रंगाचा सफारी, सोनेरी घड्याळ.

"मी कॅसेटा विकत मागितल्या होत्या, मॅडम. बाईंच्या उच्चाराला तोड नाही. माझ्या जळगावच्या क्लासात दोन कप्प्यांचं मशीन आहे, धडाधड नकला काढल्या असत्या. पण बाई म्हणाल्या, हा आवाज विकायचा नाही."

"राग आला?"

"आला ना! म्हणून चोरी करीन? हा सफारी पाहा, कालच शिवून आणला. सकाळपासून अंगावर आहे, घडीसुद्धा मोडली नाही. चोर असा असतो?"

"चोर कसा असतो ते मला अजून ठरवता आलेलं नाही," अक्का म्हणाल्या. छगनचं मात्र तिथल्या तिथे ठरलं. सोनेरी घड्याळ घालणारा माणूस त्याला आधीपासूनच आवडत नसे.

राहिले बाईंचे यजमान, जीवरामभाऊ. केळीचे बागायतदार, पण बोलणं मोजकं. ते स्वयंपाकघरात चहा करत होते. अंगात जुना सदरा, त्यावर काळ्या डागांचा नुसता नकाशा. शेगडीवरच्या दुधावरून त्यांची नजर हलत नव्हती.

"कापणी चालू आहे वाटतं?" अक्कांनी विचारलं.

"नाही. घरी कार्य असलं म्हंजे कापणी कोण ठेवीन? आज बंदच."

"दुधाकडे फारच लक्ष आहे तुमचं."

"ओरडते ना ती," भाऊ म्हणाले. मग हळूच, "ओरडायची."

चहा घेता घेता छगननं खाली पाहिलं आणि त्याचा कप हिंदकळला. "अक्का! मना शर्टले काय व्हयनं?"

पांढऱ्या शर्टावर छातीपासून पोटापर्यंत तपकिरी डाग उमटले होते. मघाशी तर तिथे काहीच नव्हतं!

सुनंदाबाईंना त्या दुःखातही हसू आलं. "केळीचा चीक आहे तो, छगनभाऊ. लागतो तेव्हा पाण्यासारखा दिसतो, मग काळा पडतो. आता जन्मात निघणार नाही. आमच्याकडे कापणीला माणसं चिकाचे कपडे वेगळेच ठेवतात."

अक्कांनी कप खाली ठेवला. शेवटचं गणित सुटल्यावर वर्गातल्या पहिल्या नंबराच्या मुलीचा चेहरा होतो तसा त्यांचा झाला.

"बाई, एकच सांगा. पूजेला जीवरामभाऊ काय घालून बसले होते?"

"नवा टेरिकॉटचा सदरा. मी बळेच घालायला लावला. का हो?"

अक्कांनी वळून पाहिलं. स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. शेगडी नीट बंद केलेली होती.

"मळ्यात विहिरीवर तुमची पाण्याच्या मोटारीची खोली आहे ना? जरा पायी जाऊ या. तुम्ही, मी आणि छगन. बाकीच्यांना चहा पिऊ दे."

*

दोन्ही बाजूंना केळी, मधून पाऊलवाट. पानांमुळे उन्हाचा नुसता हिरवा उजेड खाली येत होता.

"अक्का, बन्सीलालच ना?" छगननं विचारलं.

"बन्सीलालचा सफारी बघितलास? डाग आहे कुठे? पितांबरआबांच्या धोतरावर राख आहे, पण चीक नाही. दोघंही सकाळपासून त्याच कपड्यांत. ती पेटी उघडायची तर खुंट कवेत घ्यावेच लागतात. तू घेतलेस आणि तुझा शर्ट बघ."

"मग कोणीच नाही उघडली?"

"उघडली. ज्याला चीक ठाऊक आहे, त्यानं. केळीला हात लावायच्या आधी तो कपडे बदलतो. जन्माची सवय. मनात चोरी असली तरी हात आपोआप खुंटीवरच्या चिकाच्या सदऱ्याकडे जातात. आज कापणी नाही, घरात कार्य आहे, अंगावर नवा सदरा होता. मग तो काढून कामाचा कशाला घातला?"

सुनंदाबाई चालता चालता थांबल्या.

"पण एका सदऱ्यावरून मी माणसाला धरणार नाही," अक्का म्हणाल्या. "छगन, ती बॅटरी तू उचललीस. काय म्हणालास?"

"हलकीच लागते, म्हणालो."

"संपलेले सेल हलके होत नाहीत. आत सेलच नव्हते. टेपमध्ये सेल नव्हते आणि दिवसा मळ्यात वीज नसते. बन्सीलालकडे मशीन आहे, त्याला बॅटरीचे सेल कशाला? पितांबरआबांना शाळा अडवायची असती, तर त्यांना टेप वाजवायचं कारणच नव्हतं. घेणाऱ्याला मात्र लगेच ऐकायचं होतं. जवळच, पण घराबाहेर."

"आणि ती खराब कॅसेट?"

"तिथेच तर मला सगळं कळलं. विकणाऱ्याला खराब माल नको. शाळा अडवणाऱ्याला फळीवरच्या कॅसेटीशी काय घेणं? ती नेईल फक्त तो, ज्याला धडे नकोच आहेत." अक्कांनी बाईंकडे पाहिलं. "ज्याला आवाज पाहिजे."

मोटारीच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आतून एक आवाज येत होता, खणखणीत, स्वच्छ, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा.

"धिस इज अ विंडो. धिस इज अ..."

मग एकदम, "अहो! दूध! दूध उतू चाललं, बघा ना तिकडे!" भांड्यांचा खणखणाट. आणि हसू. थांबता न थांबणारं, मुलीसारखं हसू.

खट्. कॅसेट मागे फिरली. पुन्हा, "धिस इज अ विंडो..."

अक्कांनी दार ढकललं. जीवरामभाऊ खताच्या पोत्यावर बसले होते. टेप मांडीवर, बाजूला सगळ्या कॅसेटा नीट रचून ठेवलेल्या. त्यांनी पाहिलं आणि पळायचा प्रयत्नसुद्धा केला नाही.

"सांजच्याला परत ठेवणार होतो," ते म्हणाले. "एकदाच ऐकीन म्हटलं. मंग राहवेना."

त्यांनी बटण दाबून टेप थांबवला.

"मले इंग्लिश समजत नाही. पण तिचा आवाज समजते. परवा तो जाईन. उद्या पेटी जाईन. मंग माझ्यापाशी काय राहीन?"

"मागायचं होतं, भाऊ," अक्का हळू आवाजात म्हणाल्या.

"कसं मागू? ते पोरायचं होतं. त्यायची शाळा व्हावी म्हणून मीच पूजेला बसलो, अन् मीच..." त्यांनी सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं.

सुनंदाबाई त्यांच्याजवळ पोत्यावर बसल्या. "मला वाटायचं, तुम्हाला माझ्या बोलण्याचा कंटाळा आला असेल," त्या कुजबुजल्या. "लग्न झाल्यापासून 'हूं'च्या पुढे कधी गेला नाहीत."

"ऐकत होतो ना," जीवरामभाऊ म्हणाले.

छगन बाहेर आला आणि उगाचच केळीचा एक घड निरखत बसला. या वेळी हात मात्र लावला नाही.

*

"चोर कोण?" ओट्यावरून बन्सीलालनं विचारलं.

"चोर नव्हताच," अक्का म्हणाल्या. "ऐकणारा होता. बन्सीलालभाऊ, तुमचं ते दोन कप्प्यांचं मशीन आज मोकळं आहे का?"

बन्सीलालनं एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा जीवरामभाऊंकडे, आणि त्याला बरंचसं कळलं असावं. "मोकळं करतो," तो म्हणाला. आणि सगळ्यांत मोठं आश्चर्य म्हणजे, पैशाचा विषय त्यानं काढलाच नाही! पितांबरआबाही सोबत निघाले. खजिनदारानं लक्ष ठेवलं पाहिजे म्हणे. सकाळी ट्रक आला तोवर कॅसेटांच्या नकला घरात होत्या आणि मूळच्या पेटीत.

थंडी पडल्यावर सुनंदाबाईंनी अक्कांना आणि छगनला भरीत खायला बोलावलं. बाईंच्या गळ्यात आता एक छोटी पाटी होती, त्यावर लिहून त्या बोलत. मादागास्करहून मगननं एक कॅसेट पाठवली होती. सगळे टेपभोवती बसले. जीवरामभाऊ तेवढे अंगणात वांगी सोलत होते.

आधी समुद्राची खरखर. मग खूप सारी पोरं एका सुरात, थेट बाईंच्या चालीवर, "धिस इज अ विंडो. धिस इज अ डोअर." आणि मग, त्याच सुरात, त्याच जोरात, धडाच असल्यासारखं, "अहो! दूध! दूध उतू चाललं, बघा ना तिकडे!"

अंगणात भांडं पडलं. जीवरामभाऊ वांग्याच्या हातांनी धावत आत आले आणि थेट शेगडीपाशी गेले. शेगडीवर काहीच नव्हतं. तरी त्यांनी एकदा वाकून पाहिलं.

सुनंदाबाईंचे खांदे हलत होते. आवाज नव्हता, पण हसू तेच होतं.

छगन गोंधळला. "पण अक्का, खराब कॅसेट तर पाठवायची नव्हती ना? तिकडे गेली कशी?"

अक्का जीवरामभाऊंकडे वळल्या.

"मीच टाकली पेटीत," भाऊ म्हणाले. "मूळचीच. नक्कल मी ठेवली. तिचं हसू त्या एकीतच होतं. पोरायनं काय नुसते धडेच ऐकावे?"

बाईंनी पाटी घेतली आणि लिहिलं, 'पुन्हा लावा.'

जीवरामभाऊंनी हात पुसले आणि कॅसेट मागे फिरवली. या वेळी पोरं ओरडली तेव्हा ते धावले नाहीत. बाईंजवळ बसून राहिले, ऐकत.